सावडीचा दोर

वसतिगृहाच्या आठव्या मजल्यावरच्या त्या स्वयंपाकघरात खिडकीचा पडदा अजून त्याच दोराने बांधलेला आहे. काल गेले तेव्हा आधी तोच दिसला. हातभर लांबीचा, पिवळट, केसाळ दोर. आता तिथे राहणाऱ्या मुलांनी त्याला सायकलच्या किल्ल्या, लसणाची गड्डी आणि कुणाचा तरी निळा मास्क अडकवून ठेवलाय. टेबलाशी चहा पीत बसलेल्या मुलीला सांगावंसं वाटलं, हा दोर माझ्या आईने वळलाय. पण ओळख ना पाळख, कसं सांगणार? "माझं एक पोतं राहिलंय कपाटात," एवढंच म्हणाले.

पोतं होतं. तळाशी, इस्त्रीच्या फळीमागे. नेदरलँड्समधल्या या वाखनिंगनमध्ये हिवाळ्यात कपडे वाळत नाहीत, भिंती वाळत नाहीत, माणसंही जरा ओलीच असतात. पण पोत्याचं तोंड सोडलं आणि आतून कोरडा, चैत्रातला वास आला. चुलीचा धूर, केकताड म्हणजे आमच्याकडचं घायपात, थोडासा गोठा. मी तिथेच कपाटासमोर उकिडवी बसून राहिले.

पोतं न्यायला आले होते ते हारुकामुळे. या मजल्यावर आम्ही तिघी शेजारीशेजारी राहायचो: पुण्याची मृण्मयी, जपानची हारुका आणि मी. हारुका शिक्षण संपवून कधीच परत गेली. परवा तिचा निरोप आला. "सीमा उघडल्यात. वसंतात आजोबांच्या घराचं छप्पर करायचं ठरलंय. चार दिवस काढशील का? आजोबा विचारतात, आतला हात येतोय ना?"

आतला हात म्हणजे मी. जपानच्या हिदा नावाच्या डोंगराळ भागातल्या एका म्हाताऱ्या माणसाने मला दिलेलं ते नाव आहे. पदव्या मला दोन मिळाल्या, तिसरीसाठी प्रयोगशाळेत झटते आहे, आणि आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. तरी हे नाव वाचून जसं वाटलं तसं निकालाच्या दिवशीही वाटलं नव्हतं. हे नीट सांगता येईल की नाही मला ठाऊक नाही. प्रयत्न करते.

तो पहिल्या टाळेबंदीचा वसंत होता. इथल्या लोकांना इतका कोरडा, इतका निळा वसंत आठवत नव्हता, आणि तो आम्हाला काचेतूनच बघायचा होता. विद्यापीठ बंद, ग्रंथालय बंद. खाली रस्त्यावरून सायकलींची एरवी कधी न थांबणारी किणकिण थांबलेली. खिडकीतून ऱ्हाईन दिसायची, तिच्यावरचे मालवाहू पडाव तेवढे चालू होते. दुपारी कुणीतरी भात लावायचं. तांदूळ तिघींचे वेगळे होते, वास तिन्ही वेगळे. हारुका भाताला पंख्याने वारा घालायची, मृण्मयी कुकरच्या शिट्ट्या मोजताना नेहमी चुकायची आणि मी नाचणीचं पीठ पुरवून पुरवून वापरायची.

अशाच एका दुपारी हारुकाने आम्हाला तिच्या आजोबांचं घर दाखवलं. फोटोत बर्फ होता, मागे उभा डोंगर, आणि मधे ते घर. दोन्ही हात जोडून नमस्कार केल्यासारखं उतरतं गवताचं छप्पर, जमिनीकडे झुकलेलं, कमरेएवढं जाड.

"कसलं गोड आहे!" मृण्मयी म्हणाली. "आपण जायचं इथे. सगळं उघडलं की पहिली ट्रिप हीच."

मी फोटो डोळ्यांजवळ नेला. मला गोडबीड काही दिसलं नाही. मला वळचण दिसली. वळचणीखाली टांगलेल्या पेंढ्या दिसल्या, आणि डाव्या पाखाच्या, छपराच्या त्या उताराच्या, खालच्या अंगाला गवत काळं पडून बसलेलं दिसलं. मला तर वाससुद्धा आला.

"डावं पाखं यंदा काढावं लागेल ना?" मी विचारलं.

हारुका माझ्याकडे बघतच राहिली. "पुढच्या वर्षी. तुला कसं कळलं?"

"आमचंही असंच आहे."

मग तिने सांगितलं की तिच्या आजोबांच्या गावात छप्पर कुणी मजुरी देऊन करून घेत नाही. सगळं गाव येतं. आज एकाच्या घरावर, पुढे कधीतरी दुसऱ्याच्या. तिच्याकडे त्याला एक छोटासा शब्द होता. माझ्याकडेही होता.

"सावड," मी म्हणाले.

"सा-व-ड," ती म्हणाली, आणि हसली.

आमचं गाव भोरच्या वर, घाटमाथ्याला. घरं विरळ, वारा फार. वैशाखात शाकारणी असायची, आणि शाकारणीचा दिवस मला दिवाळीपेक्षा मोठा वाटायचा. पहाटेपासून माणसं यायची. ज्याने त्याने आपला कोयता आणि आपला दोर घेऊन यायचं, हा नियम. घरधन्याने फक्त जेवण घालायचं. जुनं गवत उतरवलं की अंगणभर धुराळा उडायचा आणि घराला एकदम आभाळ दिसायचं. चूल, उतरंड, आईची ट्रंक, सगळं उघड्यावर, जणू कुणी घराला आंघोळीला बसवलंय. बायका खालून पेंढ्या फेकायच्या, वर पुरुष झेलायचे. काजळी सगळ्यांच्या भुवयांवर बसलेली. कुणाच्या नाकाच्या शेंड्यावर किती काजळी, यावरून दिवसभर चेष्टा. दुपारी मटकीची आमटी, भाकरी, आणि चिंचेचं सार पितळी पातेल्यातून.

आणि मी आत असायची. छपरावरचा माणूस बांबूची लांब सुई गवतातून आत खुपसतो. सुईच्या नाकात दोर. आत कुणीतरी आढ्याजवळ बसलेलं लागतं. त्याने दोर सोडवून घ्यायचा, वाशाला वेढा द्यायचा आणि सुई परत बाहेर ढकलायची. बाहेरच्याला आतलं दिसत नाही, आतल्याला बाहेरचं दिसत नाही. फक्त हाक असते. "घे!" "घेतला!" "ओढ!" मी हलकी होते, माळ्यावर सहज मावायची. अंधारात, गवताच्या भुशात, घामाने चिकट झालेली, आणि माझ्यामुळे छप्पर उभं राहतंय असं मला खरोखर वाटायचं. संध्याकाळी नवीन छपराखाली पहिला दिवा लागला की घर आतून सोनेरी दिसायचं. आठवडाभर तरी सगळ्यांच्या बोलण्यात एक हलकेपणा असायचा. नंतर काजळी धरायची आणि घर पुन्हा आपलं व्हायचं.

हे मी त्या दिवशी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. हारुकाने ते लगेच आजोबांना सांगितलं. रविवारी त्यांचा फोन आला. आजोबा लहानसे, कान मोठे, मागे जमिनीतल्या चुलीवर काळी किटली टांगलेली. त्यांनी मला एकच गोष्ट सांगितली: "हात दाखव."

मी दोन्ही तळवे कॅमेऱ्यासमोर धरले. ते फोनजवळ वाकले. मग काहीतरी बोलले आणि हारुका खुदकन हसली.

"ते म्हणतात, आमच्याकडे बाहेर चढणारे खूप आहेत. आत बसायला कुणी तयार नसतं. आतला हात म्हणून ये. जेवण आमचं, झोपायला माळा."

"मी येईन," मी म्हणाले.

एवढंच. पण आमच्याकडे सावडीला दिलेला शब्द म्हणजे काय असतं, ते मला माहीत होतं. तो पावसात भिजत नाही, कुणी मेलं तरी मरत नाही. तोवर आमची सहल ही सहल होती. त्या रविवारपासून ते काम झालं.

आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती अंगणात भांडी घासत होती. तिने फक्त एवढं विचारलं, "दोर कुणाचा?"

"त्यांचाच असेल की."

"त्येंचा कशाला? सावडीला जानारा दोर आपला नेतो. रिकाम्या हातानं जाशील व्हय?"

"आई, जपान आहे ते. परदेश."

"आसंल. गवत तर हाये नं?"

मी तो विषय तिथेच सोडला. आईने सोडला नव्हता. टपाल सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी खालच्या मजल्यावर एक पोतं आलं. वाटेत कुठेकुठे पडून राहिलेलं, वर चार देशांच्या चिकटपट्ट्या. उघडलं आणि आठवा मजला आमच्या घरासारखा वास मारू लागला. केकताडाच्या वाखाचा दोर, वेटोळ्यावर वेटोळी. तिने तो मांडीवर वळलेला होता, दुपारदुपार, गाव काटे टाकून बंद केलं होतं त्या दिवसांत.

मृण्मयी झाडांच्या रोगांचा अभ्यास करायची. ती दोन पावलं मागे सरकली. "अगं, हात लावू नकोस! यात काय काय अंडी असतील. आधी गोठवायचा."

"दोर गोठवायचा?"

"मग? जपानला आपल्याकडून भुंगेरे पाठवतेस का? नाक कापलं जाईल वाखनिंगनचं."

आणि म्हणून माझ्या आईचा दोर आमच्या सामायिक फ्रीझरमध्ये गेला. वाटाण्यांच्या पिशव्या आणि कुणाच्या तरी पिझ्झाच्या मधे. मजल्यावरच्या एका डच मुलाने विचारलं, हा कुठला खाद्यपदार्थ? मृण्मयीने अगदी गंभीरपणे सांगितलं, "सणाचा."

त्यानंतर प्रत्येक रविवारी सकाळी आमची तयारी चालायची. एका जुन्या पोस्टरच्या पाठीवर हारुकाने खडूने डोंगर काढले. नागोयाहून रेल्वे, ती नदीच्या कडेकडेने वर चढते. मग ताकायामा, काळ्या लाकडी घरांचं जुनं गाव, जिथे सकाळी नदीकाठी म्हाताऱ्या बायका लोणची विकायला बसतात. तिथे एक रात्र. मग बस, बोगद्यामागून बोगदे, आणि प्रत्येक बोगद्यापलीकडे आणखी उंच डोंगर. दोन दिवस छपरावर, एक दिवस परतीचा. हारुका सांगायची की तिथे एका मोठ्या पानावर मसाला ठेवून निखाऱ्यावर भाजतात. मी केळीच्या पानातल्या पानगीचं सांगायची. भूक लागायची. मग आम्ही ब्रेडच खायचो.

चढायचा सराव हवा म्हणून आम्ही गावाबाहेरच्या टेकडीवर जायचो. इथले लोक तिला बेर्ग म्हणतात, म्हणजे डोंगर. मी पहिल्यांदा ती चढून वर उभी राहिले आणि विचारलं, "डोंगर कुठंय?"

"ज्यावर उभी आहेस तो," मृण्मयी म्हणाली. "जरा आदर ठेव. यांच्याकडे हा एकच आहे."

वाटेत नदीच्या बांधालगत काही जुनी घरं होती, त्यांच्यावर लव्हाळ्याची छपरं. नीट कातरलेली, न्हाव्याने कापल्यासारखी. मी आप्पांना फोनवर ती दाखवली. आमच्याकडे वडिलांना आप्पा म्हणतात. "गरीब दिसतात बिचारी," ते म्हणाले. मी सांगितलं, नाही, इथे गवताचं छप्पर श्रीमंतांना परवडतं. आप्पांनी मान वर करून आपल्याच छपराकडे बघितलं. मग म्हणाले, "म्हंजी आपुन कवाचे श्रीमंत!"

त्या काळातला एक रविवार मात्र मी जपून ठेवला आहे. हारुकाच्या आजोबांना आमची गाठ बघायची होती. मग आम्ही सगळ्यांना एकाच कॉलवर घेतलं. आई घरामागच्या टेकाडावर, आंब्याखाली, कारण तेव्हा व्हिडिओपुरती रेंज तिथेच यायची. आजोबा त्यांच्या चुलीपाशी. मधे आम्ही, वाखनिंगनच्या खिडकीत. आईचं बोलणं मी इंग्रजीत करायची, ते हारुका जपानीत करायची, आणि उत्तर तसंच उलट्या वाटेने परत यायचं. ते पोचेपर्यंत आई दुसरंच काहीतरी बोलून गेलेली असायची.

आईने बाज सोबत आणली होती. बाजेच्या पायाला तिने वेढा घातला, दुसरा घातला, टोक खालून काढलं आणि दातात धरून ओढलं. आजोबा पुढे वाकले. मग त्यांनी किटलीच्या साखळीशेजारच्या खांबाला स्वतःचा दोर घातला. वेढा, दुसरा वेढा. टोक वरून काढलं. ओढलं.

"वरून?" आई म्हणाली. "इचार त्येंना, सुटत न्हाई का?"

विचारलं. उत्तर आलं, "आमच्याकडे बर्फाचं वजन वरून येतं. तुमच्याकडे?"

"वारं खालनं येतं," आई म्हणाली.

ते हारुकाने सांगितल्यावर आजोबांनी मोठ्याने "आऽऽ" केलं आणि मांडीवर थाप मारली. त्याचं भाषांतर कुणी केलं नाही. आईने ते ऐकलं आणि पदराने तोंड झाकून हसली. माझ्या आईला मी परक्या पुरुषासमोर असं हसताना पहिल्यांदा बघितलं.

फोन ठेवण्याआधी ती म्हणाली, "त्येंना सांग, आधी माझी लेक येईल. मंग त्येंनी यायचं. सावड फेडायला."

मृण्मयी खुर्चीवरून पुढे झाली. "काकू, जपानहून? भोरला? गवत घालायला?"

"का? जपानात हात न्हाईत व्हय?"

मला फार अवघडल्यासारखं झालं. हे कसं सांगायचं? मी जरा मऊ करून सांगितलं, की आईला वाटतं तुम्हीही कधी यावं. हारुका माझ्याकडे बघत म्हणाली, "तिने असं म्हटलं नाही. सावड म्हणाली. मी ऐकलं." आणि तिने जे होतं तेच आजोबांना सांगितलं. आजोबा उठून नीट बसले, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि फोनकडे बघून कमरेतून वाकले. आंब्याखाली आईने हात जोडले. मधे आम्ही तिघी. फ्रीझर घरघरत होता.

मग ते सगळं हळूहळू गेलं. जपानची दारं बंद झाली ती बंदच राहिली. त्या गावानेही छप्पर पुढे ढकललं, मग आणखी पुढे. इथे संचारबंदी आली, एका घरात एकच पाहुणा असा नियम आला. पोस्टर भिंतीवरून आपोआप सुटलं. हारुका गेली त्या दिवशी विमानतळावर जायची परवानगी नव्हती, म्हणून मृण्मयीने आणि मी तिला बसथांब्यावरच निरोप दिला. जाताना तिने दोराचा एक तुकडा तोडून पडद्याला बांधला. "शब्द इथेच राहू दे," म्हणाली. मृण्मयी नोकरी लागून आल्मेरेला गेली. मी डॉक्टरेटसाठी राहिले, पण लहान खोलीत. पोतं कपाटात राहिलं.

आणि आमचं घर. त्या दोन्ही वैशाखांत माणसं जमणार कशी? पहिल्या वर्षी जुन्यावरच भागवलं. दुसऱ्या पावसाळ्यात घर तीन ठिकाणी गळलं. मग आप्पांनी पत्रे आणले. त्यांनी मला व्हिडिओवर दाखवले, नवेकोरे, उन्हात बघवत नाहीत असे. "आता कटकट न्हाई," आप्पा म्हणाले. आई चौकटीत दिसत नव्हती. फक्त पत्र्यावर चालणाऱ्या कावळ्याच्या नख्यांचा आवाज येत होता. आमच्या छपरावर कावळा चालला तर आवाज व्हायचा नाही, हे मला तेव्हा कळलं.

हारुकाला मी हे कधी सांगितलं नाही. तिच्या आजोबांनी वाकून जे कबूल केलं होतं ते फेडायला आता आमच्याकडे छप्परच नाही, हे कसं लिहायचं? सावड एका बाजूने होत नाही. एका बाजूने झाली तर ते उपकार होतात, आणि त्या घरात मी पाहुणी होते.

काल पोतं खांद्यावर घेऊन घरी आले. वाटेत मृण्मयीला फोन केला.

"निघालीस? दोर परत फ्रीझरमध्ये टाकलास का?"

"आता टाकते."

"टाक. आणि विमानतळावर लपवू नकोस हां. उघडून दाखव."

दाखवीनच. त्यांनी विचारलं, हे काय, तर सांगीन. आईने वळलेला दोर आहे. मी सहलीला नाही, कामाला चालले आहे. माझ्या गावातून परदेशी कामाला जाणारी मी पहिली नसेन कदाचित. पण बोलावून, नावाने, आपला दोर घेऊन जाणारी मीच पहिली.

तिकडे संध्याकाळ व्हायच्या आत आईला फोन लावला. जपानच्या चार दिवसांचा सगळा बेत सांगितला. आजोबा आता चढत नाहीत, ते खाली बसून हाका देणार आहेत, तेही सांगितलं. मग पत्रे आल्यापासून जे विचारायचं टाळत होते ते बोलले. "आई, त्यांना आता इकडं कसं बोलवायचं? आपल्याकडं तर पत्रा."

"थांब," आई म्हणाली.

फोन हलला. जमीन दिसली, तिचे पाय, एक कोंबडी, पत्र्याची कड. मग कॅमेरा खाली आला. घराच्या मागच्या अंगाला, पत्र्याच्या पोटाशी, पडवी होती. तिच्यावर गवत. जाड, ताजं, वळचण नीट कापलेली.

"घरावर पत्रा टाकला. पडवीवर म्या टाकू दिला न्हाई. दर साली मी न् तुजा बाप दोघंच करतो, वाईच वाईच. उगं त्येंच्या हाताला काम नको व्हय, आल्यावर?"

मी तो चौकोन तसाच टिपला आणि हारुकाला पाठवला. खाली काही लिहिलं नाही. जपानात तेव्हा रात्र होती. आज सकाळी तिचं उत्तर आलं. आजोबांनी फोटो मोठा करून बघितला, चष्मा काढून परत बघितला, आणि एकच विचारलं: आत कोण बसणार?

मी ते आईला वाचून दाखवलं. ती पडवीतच होती. पाठीमागे गवताची सळसळ ऐकू येत होती.

"सांग त्येंना," ती म्हणाली, "आत मी हाये."